पळवाट सापडली, पण वाट बरोबर का? : कूपन, पॉइंट्स आणि आपला प्रामाणिकपणा



आजचा पाठ आहे बाजारातला, पण विषय मूल्यशिक्षणाचा. सुपरमार्केटमध्ये गेलं की बिल करताना काउंटरवरचे ताई-दादा विचारतात, "मोबाईल नंबर सांगा, पॉइंट्स जमा करायचेत." कधी बिलाच्या मागे कूपन छापलेले असते, कधी ॲपवर 'पहिल्या खरेदीवर १०० रुपये सूट' असा संदेश येतो. या योजनांच्या अटींमध्ये कधीकधी एखादी फट राहून जाते. ती फट ज्याला दिसते, तो तिचा फायदा घेतो. मग प्रश्न पडतो, हा माणूस हुशार की लबाड? आपल्याकडे गमतीने म्हणतातच, 'फुकट ते पौष्टिक'. पण फुकट मिळालेलं सगळंच पचतं का, हे आज आपण काही खऱ्या घटना घेऊन तपासून पाहू.

आधी शब्द समजून घेऊ

कूपन म्हणजे ठरावीक वस्तूवर सूट देण्याचे विक्रेत्याचे किंवा उत्पादकाचे लेखी वचन.

लॉयल्टी पॉइंट्स म्हणजे आपण पुन्हा पुन्हा त्याच दुकानात यावे म्हणून दिलेले गुण. पुढे त्या गुणांचे पैसे किंवा वस्तू होतात.

पळवाट म्हणजे नियमाचे शब्द न मोडता नियमामागचा हेतू चुकवण्याचा मार्ग.

फसवणूक म्हणजे खोटे बोलून, खोटे कागद दाखवून किंवा खरी गोष्ट लपवून दुसऱ्याकडून लाभ मिळवणे.

शेवटच्या दोन शब्दांमधली रेघ कुठे ओढायची, हाच आजच्या पाठाचा गाभा आहे.

दुकानदार सूट का देतो?

कोणताही व्यापारी धर्मादाय म्हणून कूपन वाटत नाही. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत कोका-कोलाने १८८० च्या दशकाच्या अखेरीस एक ग्लास पेय फुकट देणारी कूपने वाटली होती. लोकांना चव लागावी, म्हणजे पुढच्या वेळी ते पैसे देऊन पितील, हा साधा हिशेब. ब्रिटनमध्ये टेस्को या मोठ्या सुपरमार्केट साखळीने १९९५ मध्ये 'क्लबकार्ड' सुरू केले. ग्राहकाला पॉइंट्स मिळाले आणि कोण काय, कधी, किती विकत घेतो याची माहिती टेस्कोला मिळाली. म्हणजे पॉइंट्स फुकट नसतात. आपण त्यांची किंमत आपल्या माहितीने आणि आपल्या सवयीने मोजत असतो.

या योजना आपल्या मनाशी कशा खेळतात, याचा एक प्रयोग सांगतो. २००६ मध्ये न्यून्स आणि ड्रेझ या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या एका गाडी धुण्याच्या केंद्रावर ३०० ग्राहकांना शिक्क्यांची कार्डे दिली. अर्ध्या लोकांच्या कार्डावर ८ रिकाम्या जागा होत्या. उरलेल्यांच्या कार्डावर १० जागा होत्या, पण २ शिक्के आधीच मारून दिलेले. नीट पाहा, दोघांनाही ८ वेळाच गाडी धुवायची होती. तरी पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केले आणि दुसऱ्या गटातल्या ३४ टक्के लोकांनी. 'आपली सुरुवात झाली आहे' एवढ्या भासाने लोक जास्त वेळा आले!

हे लक्षात ठेवा, कारण पुढे कोणीतरी म्हणणारच आहे, "कंपनी आपल्याला गुंडाळते, मग आपण कंपनीला गुंडाळलं तर काय बिघडलं?"

घटना पहिली : सव्वाचारशे किलो केळी

१९९७ सालची गोष्ट. टेस्कोने केळ्यांवर योजना ठेवली. ३ पौंड वजनाची केळी घेतली की जास्तीचे पॉइंट्स. एका ब्रिटिश ग्राहकाने हिशेब केला. केळ्यांची किंमत १.१७ पौंड आणि मिळणाऱ्या पॉइंट्सचे मोल १.२५ पौंड! म्हणजे केळी घेतली की वर ८ पेन्स नफा. त्याने एकूण ९४२ पौंड वजनाची, म्हणजे सुमारे ४२७ किलो केळी घेतली.

आता वही-पेन घ्या. ९४२ ला ३ ने भागा. आले ३१४. ३१४ गुणिले १.१७ म्हणजे खर्च ३६७.३८ पौंड. ३१४ गुणिले १.२५ म्हणजे पॉइंट्स ३९२.५० पौंडांचे. नफा २५.१२ पौंड. आणि एवढी केळी खाणार कोण? त्याने ती लोकांना वाटून टाकली.

त्याने खोटे नाव दिले नाही, खोटे कूपन दाखवले नाही. योजनेत जे लिहिले होते तेच केले. चूक कोणाची होती? हिशेब न करता योजना जाहीर करणाऱ्याची.

घटना दुसरी : पुडिंगवाला

१९९९ मध्ये अमेरिकेत 'हेल्दी चॉईस' या खाद्यपदार्थांच्या कंपनीने योजना काढली. आमच्या १० पाकिटांवरचे बारकोड पाठवा आणि ५०० हवाई मैल मिळवा. लवकर पाठवलेत तर दुप्पट, म्हणजे १,००० मैल. डेव्हिड फिलिप्स या अभियंत्याने शोध घेतला की या कंपनीची सर्वांत स्वस्त वस्तू कोणती. एका स्वस्त दुकानात पुडिंगचे कप फक्त २५ सेंटला मिळत होते. त्यांनी १२,१५० कप विकत घेतले! खर्च झाला ३,००० डॉलरपेक्षा थोडा जास्त आणि मिळाले साडेबारा लाखांच्या आसपास हवाई मैल.

एवढे बारकोड काढायचे कसे? त्यांनी पुडिंग 'साल्व्हेशन आर्मी' या सेवाभावी संस्थेला दान दिले आणि तिथल्या स्वयंसेवकांनी बारकोड काढून दिले. गरजूंना खाऊ मिळाला, दानामुळे फिलिप्स यांना करातही सवलत मिळाली. कंपनीने शब्द पाळला.

पण यात एक बारीक खाच आहे. 'एवढे पुडिंग कशाला हो?' असे कोणी विचारले, तर ते सांगत की नवे शतक सुरू होताना संगणक बंद पडतील म्हणून साठा करतोय. असे सांगण्याचा हेतू एवढाच, की दुसऱ्या कोणाला युक्ती कळू नये. दुकानदाराचे नुकसान शून्य, त्याला पूर्ण पैसे मिळाले. तरीही बोललेले खोटे ते खोटेच की नाही? यावर वर्गात दोन गट नक्की पडतील. पडू द्या.

घटना तिसरी : हूवरची विमान तिकिटे

१९९२ मध्ये हूवर कंपनीच्या ब्रिटिश शाखेने जाहीर केले की १०० पौंडांपेक्षा जास्त किमतीची वस्तू घ्या आणि दोन विमान तिकिटे फुकट घ्या. आधी युरोपची, नंतर थेट अमेरिकेची. तिकिटांची किंमत वस्तूपेक्षा कितीतरी जास्त! कंपनीचा हिशेब असा होता की अर्ज, मुदती, तारखा यांच्या जंजाळात बहुतेक लोक कंटाळून नाद सोडतील. लोकांनी नाद सोडला नाही. घरात गरज नसताना निव्वळ तिकिटांसाठी व्हॅक्यूम क्लीनर खरेदी झाले. कंपनीला सुमारे ५ कोटी पौंडांचा फटका बसला, कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षे चालल्या आणि १९९५ मध्ये हूवरचा युरोपातला व्यवसाय इटलीच्या कँडी कंपनीला विकला गेला.

इथे लबाड कोण? ग्राहकांनी जाहिरातीवर विश्वास ठेवला. 'लोक हक्क मागणारच नाहीत' या भरवशावर वचन देणारी कंपनी खरी गुन्हेगार वाटते. पळवाट फक्त ग्राहक शोधत नाहीत, कंपन्याही शोधतात, हे या घटनेतून शिकायचे.

घटना चौथी : घरी छापलेली कूपने

आता चित्र बदलते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातील एक बाई संगणकावर हुबेहूब खऱ्यासारखी कूपने तयार करत होती आणि समाजमाध्यमांवरून कूपनप्रेमींना विकत होती. कूपने इतकी बेमालूम की काउंटरवरचे यंत्रही फसत असे. दुकानदार आणि उत्पादक यांचे मिळून ३ कोटी १० लाख डॉलरांहून जास्त नुकसान झाले. २०२१ मध्ये तिला १२ वर्षांची कैद झाली.

इथे मतभेदाला जागाच नाही. कंपनीने दिलेले वचन वापरणे वेगळे आणि कंपनीच्या नावाने स्वतःच वचन लिहिणे वेगळे.

चार पायऱ्यांचा जिना

या घटना एका जिन्यावर मांडू.

पहिली पायरी, काटकसर. सेल पाहून तांदूळ घेणे, कूपन जपून ठेवणे, पॉइंट्स वेळेत वापरणे. यात लाजण्यासारखे काहीही नाही. महिन्याच्या अखेरीस पैशाला पैसा जोडणाऱ्या घरात आईने जपून ठेवलेले कूपन ही कंजुषी नव्हे, संसाराची शिस्त आहे.

दुसरी पायरी, चतुराई. योजनेतली उघडी फट दिसली, आपल्याच नावाने, उघडपणे तिचा फायदा घेतला. केळीवाला इथे उभा आहे.

तिसरी पायरी, लबाडी. नियमाचा शब्द पाळल्याचा देखावा, पण आत खोटे. 'फक्त नवीन ग्राहकांसाठी' असलेली सूट घेण्यासाठी आजीच्या, मामाच्या, शेजाऱ्याच्या नंबरावरून दर वेळी नवा ग्राहक बनणे. वस्तू घेऊन पॉइंट्स जमा करणे, पॉइंट्स खर्चून टाकणे आणि मग वस्तू परत करणे.

चौथी पायरी, फसवणूक. बनावट कूपन, दुसऱ्याचे पॉइंट्स चोरणे, किमतीचे लेबल बदलणे.

अडचण अशी की जिना सरळ आहे आणि पाय घसरतो. दुसऱ्या पायरीवरचा माणूस एकदम चौथीवर उडी मारत नाही. तो तिसरीवर येतो आणि म्हणतो, "एवढं काय त्यात!" बोट दिलं की मनगट धरायची सवय अशीच लागते.

आपल्या बाजारातले उदाहरण

मंडईत भाजी घेतली की आपण हक्काने म्हणतो, "मावशी, थोडी कोथिंबीर टाका वरून." मावशी चार काड्या आणि दोन मिरच्या टाकतात. ही आपली न छापलेली लॉयल्टी योजना! पॉइंट नाहीत, ॲप नाही, पण हेतू तोच की गिऱ्हाईक उद्या परत यावे.

आता समजा, एकाने ठरवले की दहा गाळ्यांवर जाऊन प्रत्येकी एकच लिंबू घ्यायचे आणि प्रत्येक ठिकाणी कोथिंबीर मागायची. संध्याकाळी त्याच्याकडे कोथिंबिरीची जुडी जमेल. त्याने कोणता नियम मोडला? एकही नाही. खोटे बोलला? नाही. तरीही आपल्याला हे खटकते. का? कारण कोथिंबीर ही मायेने दिलेली वस्तू होती आणि त्याने तिची वसुली केली. शिवाय नुकसान सोसणारी मावशी दिवसभर उन्हात बसून थोडक्या कमाईवर घर चालवते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, नुकसान लहान आहे म्हणून खोटे लहान होत नाही. दोन, खोटे न बोलताही कृत्य वाईट ठरू शकते, जर त्याचा भार दुबळ्या माणसावर पडत असेल. टेस्कोचे २५ पौंड आणि मावशीची कोथिंबीर एका तराजूत तोलता येत नाही.

नेहमीचे चार बचाव आणि त्यांची उत्तरे

"कंपनी श्रीमंत आहे, तिला काय फरक पडतो?" कंपनी नुकसान खिशातून भरेलच असे नाही. ती योजना बंद करते किंवा अटी कडक करते. 'एका बिलावर एकच कूपन', 'ओळखपत्र दाखवा', 'परतावा मिळणार नाही', असे फलक त्यातूनच येतात. मग प्रामाणिक ग्राहकाची सोय जाते. ओल्याबरोबर सुकेही जळते ते असे. शिवाय चुकीचे कूपन स्वीकारले म्हणून बोलणी कोणाला बसतात? मालकाला नाही, काउंटरवर आठ तास उभ्या असलेल्या मुलीला.

"कंपनीही आपल्याला फसवते." शिक्क्यांचा प्रयोग आपण पाहिला, त्यामुळे या म्हणण्यात तथ्य आहे. पण त्यावरचा उपाय म्हणजे सावध राहणे, गरज नसलेले न घेणे आणि फसवणूक झाली तर तक्रार करणे. समोरचा लबाड आहे म्हणून मी शेरास सव्वाशेर व्हायचे ठरवले, तर बाजारात दोन लबाड झाले, न्याय काही झाला नाही.

"कायद्यात कुठे लिहिलंय?" काही गोष्टी लिहिल्या आहेत. भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमात फसवणूक हा गुन्हा आहे, ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. पण कायदा हा किमान पातळी सांगतो. परीक्षेत ३५ गुण मिळाले की पास, म्हणून कोणी ३५ ला 'उत्तम' म्हणत नाही. नीतीचेही तसेच आहे.

"सगळेच करतात." हाच बचाव उलटा करून प्रश्न विचारा, खरोखर सगळ्यांनीच केले तर? जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांची कसोटी साधारण अशीच आहे. तुम्ही ज्या नियमाने वागता, तो सर्वांचा नियम व्हावा असे तुम्हाला वाटेल का? सगळ्यांनीच कूपन जपून वापरले तर योजना नीट चालते. सगळ्यांनीच खोटे नवे ग्राहक बनून सूट घेतली तर 'नवा ग्राहक' या शब्दालाच अर्थ उरत नाही. जी युक्ती बाकीचे प्रामाणिक राहिले तरच चालते, ती त्या प्रामाणिक लोकांच्या जिवावर चालते.

ग्राहकाचे हक्कही विसरू नका

नीती एकतर्फी नसते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार, भेटवस्तू किंवा बक्षीस देऊ असे जाहीर करून ते न देण्याचा हेतू ठेवणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुकानाने जाहीर केलेली सूट नाकारली, पॉइंट्स कारण न देता गायब झाले, तर गप्प बसू नका. बिल जपून ठेवा, लेखी विचारा आणि गरज पडल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. महाराष्ट्रात ग्राहक चळवळीची परंपरा मोठी आहे. १९७० च्या दशकात बिंदुमाधव जोशी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले. त्या चळवळीने ग्राहकाला संघटित व्हायला आणि उघडपणे जाब विचारायला शिकवले. पळवाट शोधणारा एकटा सुटतो. तक्रार करणारा मात्र मागच्या रांगेतल्या सगळ्यांसाठी दार उघडतो.

निर्णयाच्या तीन कसोट्या

एखादी योजना वापरताना मन घुटमळले, तर हे तीन प्रश्न स्वतःला विचारा.

१. मी जे करतोय ते काउंटरवरच्या माणसाला मोठ्याने सांगू शकेन का? लपवावे लागत असेल, तर थांबा.

२. याची किंमत नेमकी कोण मोजणार? कंपनी, कर्मचारी, छोटा दुकानदार की माझ्या मागचा ग्राहक?

३. सगळ्यांनी असेच केले तर ही योजना टिकेल का?

केळीवाला पहिल्या कसोटीला सहज उतरतो, दुसऱ्या कसोटीलाही बराचसा उतरतो, तिसरीत मात्र अडखळतो. कारण सगळ्यांनी तसे केले असते, तर योजना दोन दिवसांत बंद पडली असती आणि घरच्यापुरती केळी घ्यायला आलेल्या माणसाला रिकामी फळी दिसली असती. म्हणून त्याला चोर म्हणणे अन्याय आहे आणि आदर्श म्हणणे अतिशयोक्ती. आयुष्यातले बरेच प्रश्न असे मधल्या जागेत असतात. 'बरोबर की चूक' एवढी एका शब्दाची उत्तरे तिथे पुरत नाहीत, कारणे द्यावी लागतात.

तात्पर्य

हुशारी ही वाईट गोष्ट नाही. अटी नीट वाचणारा, हिशेब करणारा ग्राहक कोणालाही सहज फसवता येत नाही. पण हुशारीला कुंपण हवे, आणि ते दुकानदाराने घातलेले नव्हे, आपले आपण घातलेले. शंभर रुपयांची सूट महिनाभरात संपते. 'आपण थोडं खोटं बोललो तरी चालतं' ही सवय मात्र संपत नाही. ती पुढे प्रगतिपुस्तकावरच्या सहीत, नोकरीच्या अर्जात, कराच्या कागदात डोके वर काढते.

स्वाध्याय

१. चतुराई आणि लबाडी यांतील फरक स्वतःच्या शब्दांत, प्रत्येकी एक उदाहरण देऊन लिहा.

२. घरातील एखाद्या बिलामागच्या किंवा ॲपवरच्या योजनेच्या अटी पूर्ण वाचा. त्यातली न समजलेली वाक्ये वहीत उतरवा आणि मोठ्यांना विचारा.

३. काउंटरवरचा कर्मचारी, नंबर न सांगणाऱ्या ग्राहकांच्या बिलावरचे पॉइंट्स स्वतःच्या नंबरावर घेतो. ग्राहकाचे काहीच गेले नाही. हे योग्य आहे का? तीन कसोट्या लावून उत्तर लिहा.

४. गटचर्चा : 'दुकानाच्या चुकीमुळे बिलात ५०० रुपयांची वस्तू ५० रुपयांना लागली. ग्राहकाने सांगावे की गप्प राहावे?' दुकान मोठ्या साखळीचे असेल तर आणि गल्लीतल्या काकांचे असेल तर, दोन्ही बाजूंनी बोला.

५. पुडिंगवाल्याने साठ्याचे खोटे कारण सांगितले, पण दुकानदाराचे नुकसान झाले नाही. तुम्ही त्याच्या जागी असता तर काय उत्तर दिले असते? खरे बोलूनही युक्ती गुप्त ठेवता आली असती का?

उत्तरे लिहिताना एकच लक्षात ठेवा, गुण उत्तराला नाहीत, उत्तरामागच्या कारणांना आहेत.